वालूरच्या रसिकाची चिठ्ठी

परभणी जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं मला पुण्यात निदान दहा जणांनी विचारलं. मी कुणाला गोदावरी सांगितली, कुणाला हुरडा सांगितला, कचेरीतल्या साहेबांना तर सासुरवाडीत लग्न आहे असं ठोकून दिलं. आता परत येऊन महिना झाला आहे आणि खोटं पचवण्याचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून सांगतो. चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत मी परभणीला गेलो तो निव्वळ मत्सरापोटी.

मत्सर यशाचा. यशा म्हणजे यशवंत. पंचविशीत आम्ही दोघं औरंगाबादला एका खोलीत राहत होतो आणि आम्हा चौघांचा एक बँड होता. त्या काळी लोक पेटी-तबल्यावर भावगीतं ऐकत. आम्ही विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन मराठी शब्दांत रॉक वाजवायचो. गावातले जाणते त्याला धांगडधिंगा म्हणत. यशा गायचा, मी दुसरी गिटार धरायचो. पुढे मला सरकारी नोकरी लागली, सुधाशी लग्न झालं, मी पुण्याला आलो आणि माझी गिटार माळ्यावर गेली. यशा मुंबईला गेला. त्याच्या रेकॉर्डी निघाल्या, अंगात चामड्याचं जाकीट आलं, आणि माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी ते गाणं आलं.

‘कडी नको लावू, उशिरा का होईना मी येईन;
तिसरी पायरी चुकवेन, चप्पल हातात घेईन.’

बाकी सगळा धांगडधिंगा लोक विसरले, पण हे एक संथ गाणं काही मरेना. लग्नात, गॅदरिंगला, पानाच्या ठेल्यावर, सगळीकडे तेच. आणि मला ते ऐकलं की नाकाला मिरच्या झोंबत. कारण सांगतो. सुधा मूळची मानवतची, शिकायला औरंगाबादला मावशीकडे राहायची. त्या मावशीच्या घराला लाकडी जिना होता. मी तिथे पत्ते खेळण्याच्या निमित्ताने जायचो, कधीकधी यशाही यायचा. आता लाकडी जिना, उशिरा येणारा माणूस आणि कडी न लावता थांबलेली बाई, यातून काय समजायचं ते समजायला गणिताची पदवी लागत नाही. त्यात सुधा हे गाणं स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणायची आणि मी आत गेलो की गप्प व्हायची. बावीस वर्षं मी हा निखारा पदरात बांधून संसार केला. विचारलं मात्र कधी नाही. विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

मधली पंधरा वर्षं यशा गप्प होता. दारूनं गळा गेला, असं कुणीतरी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं होतं. मग कॅसेटचा जमाना आला, एका कॅसेटवाल्यानं त्याची जुनी गाणी पुन्हा काढली, कॉलेजातली पोरं ती ऐकायला लागली, आणि पन्नाशीचा यशा पुन्हा स्टेजवर उभा राहिला. जानेवारीच्या शेवटी त्याचं कार्ड आलं. कार्डावर नाव माझं, पण मजकूर असा : ‘सुधाला घेऊन ये. मानवतला कार्यक्रम आहे. तिच्या माहेरी गायचं आहे. तुझी गिटारही आण.’ म्हणजे आधी सुधा, मग तिचं माहेर, आणि शेवटी माझं लाकूड. त्याच क्षणी मी ठरवलं की जायचं आणि या गाण्यातली बाई कोण, याचा एकदाचा निकाल लावायचा.

मानवत

स्टेशन एकीकडे आणि गाव एकीकडे, हा मानवतचा जुना शिरस्ता. स्टेशनावरून आम्हाला न्यायला सुधाचा भाऊ दिगंबर जीप घेऊन आला होता. त्याची मोंढ्यात आडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस आणि धान्य तो विकून देतो. गिटारीची लांबुळकी पेटी पाहून तो थबकला.

“दाजी, बंदूक आणली का काय?”

“गिटार आहे.”

“तुमी वाजवायलाव? ह्या वयात?” आणि तो मोकळेपणाने हसला. मेव्हण्याचा हक्कच तो. जीपमध्ये बसलेल्या आणखी नऊ जणांनीही मग हसून घेतलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान होतं. ज्वारी पोटरीतून बाहेर येऊन दाणे भरत होती आणि बाभळीच्या काट्यांना, तारांना, विजेच्या खांबांनासुद्धा कापसाचे पुंजके अडकले होते. गाड्यांमधून सांडलेला कापूस. आमच्याकडे कुंपणाला पिशव्या अडकतात, इथे पांढरं सोनं अडकतं.

सकाळी दिगंबरच्या बायकोनं सुशीला केली. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. पुण्याच्या पोह्यांचा मला अभिमान आहे, तरी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. तिसऱ्यांदा करावं लागलं नाही, वहिनींनी न विचारताच वाढलं. पुण्यात ‘घेणार का?’ म्हणून विचारतात आणि त्या विचारण्यातच नको म्हणायची सोय असते. इथे नको म्हणालात तर चमच्याऐवजी पळी येते.

“तुमचे दोस्त लय मोठे गाणारे हायेत म्हणं,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या पोरी त्या कडीच्या गाण्यानं येड्या झाल्यात. सुधाताई, तुमी तर वळखतच असताल त्याहिला?”

“ओळखते म्हणजे काय,” सुधा म्हणाली आणि उगाचच कपाळावरची बट मागे सारली. ती बट मी नोंदवून ठेवली.

पालम

दुसऱ्या दिवशी यशानं आम्हाला पालमला त्याच्या बहिणीकडे जेवायला बोलावलं होतं. एसटीनं परभणी, तिथून गंगाखेडमार्गे पालम. गंगाखेडला चहा पिऊन मी परत येतो तो माझ्या जागेवर एक आजीबाई आणि तिची शेळी. कंडक्टर म्हणाला, “साहेब, बाईला उठवता येईल, पर शेळी गाभण हाय.” मी पालमपर्यंत उभा राहिलो. सुधा खिडकीशी बसून हसत होती, आणि मला वाटत होतं की ही आधीपासूनच खुशीत आहे, शेळी नुसतं निमित्त.

पालमच्या स्टँडवर यशा उभा होता. मी मनात त्याचं पोट सुटवलं होतं, डोक्यावर टक्कल पाडलं होतं. प्रत्यक्षात तो सडपातळ, केस पांढरे पण सगळे जागच्या जागी. माझ्याकडे काय काय सुटलंय आणि काय काय गेलंय हे त्यानं एका नजरेत पाहिलं आणि मला मिठी मारली.

“सुधा, ह्याला काय खाऊ घालतीस गं?” तो म्हणाला.

सुधा खळखळून हसली. आमच्या घरी ती असं हसून किती दिवस झाले, ते मी चालता चालता आठवत राहिलो.

त्याची बहीण, तिला सगळे आक्का म्हणत, आमच्याहून दहा वर्षांनी मोठी. घर साधं, दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, ठेचा, वांग्याची भाजी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, त्याची आमटी घशातून उतरताना आपली वाट आपणच करते. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं, असं मी म्हणू शकत होतो, एवढी सोय होती. कारण समोर यशा आणि सुधा औरंगाबादच्या आठवणी काढत होते आणि मला दर तिसऱ्या वाक्याला काहीतरी आठवत नव्हतं.

जेवण झाल्यावर ते दोघं अंगणात बसले. मी आक्कांना ताटं उचलू लागलो आणि खडा टाकून पाहिला. “इतकी वर्षं का गायला नाही हो हा? गळा बिघडला होता म्हणे?”

“गळ्याला काय झालंय त्याच्या,” आक्का म्हणाल्या. “भाऊ, आमचं घर आधी खेड्यावर व्हतं. अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या टायमाला, लोक आले. आईनं आतून कडी लावली व्हती. कडी ऱ्हायली, दार न्हाई ऱ्हायलं. जाळलं समदं. माणसं वाचली, मागच्या अंगानं निघालो. यशा मुंबईवरून आला, ती जळकी कडी हातात घिऊन बसला. तवापासून ते गाणं त्यानं म्हणलं न्हाई. ते म्हणायचं न्हाई तर लोकाहिला दुसरं ऐकायचं नसायचं. मग गाणंच सोडलं.”

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

“आता गेल्या महिन्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं,” त्या म्हणाल्या. “मी त्याला म्हणलं, बाबा, सोळा वर्षं झाली. आता म्हण. त्यो म्हणला, उद्याच्याला मानवतात म्हणतो. पहिल्यांदाच म्हणणार हाय बघा.”

मला लाज वाटली. दारूच्या बातमीनं मी खूश झालो होतो हे आठवून तर फारच वाटली. पण मत्सर हा निर्लज्ज प्राणी आहे. लाज वाटत असतानाच मी अंगणाकडे पाहिलं. यशा हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि सुधानं पदर डोळ्यांना लावला होता. माझ्यासाठी ती शेवटची कधी रडली होती? एकदा माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा.

पुन्हा मानवत, जिनिंगचं आवार

कार्यक्रम एका जिनिंगच्या आवारात होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. नाव लागून महिनाच झाला होता, हवा तापलेली होती, म्हणून पोलिसांनी दिवेलागणीच्या आत आटपा असं बजावलं होतं. त्यामुळे रॉकचा कार्यक्रम दुपारी तीनला, भर उन्हात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं, मागे कापसाची गंजी घराएवढी. सूत्रसंचालक दिगंबरचा मित्र, तो दर गाण्याआधी एकच गोष्ट सांगे : “बिड्या इझवा! कापूस पेटला तर गाणं ऱ्हाईल बाजूला!” वाऱ्यानं कापूस उडायचा आणि माणसांच्या केसांत बसायचा. चार वाजेपर्यंत सगळं मानवत म्हातारं दिसायला लागलं.

मला फक्त त्या एका गाण्याला वर जायचं होतं. तोवर मी सुधाशेजारी सतरंजीवर बसलो. यशा छान गायला, हे लिहिताना अजून हात जड होतो. आवाज खाली उतरला होता, पण त्यात आता वजन होतं. पुढे धोतर-टोपीवाले शेतकरी मान डोलावत होते, मागे पोरं नाचत होती. पुण्यात रॉकच्या कार्यक्रमाला आजोबा आलेले मी पाहिले नाहीत.

या भागात फर्माईश चिठ्ठीवर लिहून टोपीतून पुढे पाठवतात. चिठ्ठीवर नाव आणि गाव लागतंच. सूत्रसंचालक ते वाचतो आणि तो माणूस जागेवर उभा राहून सगळ्यांना हात जोडतो. निनावी चिठ्ठी वाचत नाहीत, तो सभेचा अपमान. मला हा नियम दिगंबरनं सकाळी सांगितला होता. टोपी आमच्या ओळीत आली तेव्हा मी सुधाकडे पाठ करून लिहिलं : ‘कडीचं गाणं ज्या बाईसाठी केलं तिचं नाव सांगावं. एक रसिक, वालूर.’ वालूर हे नाव आदल्या दिवशी एसटीच्या पाटीवर वाचलं होतं. सेलूकडचं दूरचं गाव, इथे कोण येतंय, असा माझा पुणेरी हिशेब.

सूत्रसंचालकानं चिठ्ठी वाचली. आवारात खसखस पिकली. “वालूरकर, उभं ऱ्हावा!”

डाव्या अंगाला पंचवीस-तीस माणसं एकदम उठली. सगळी वालूरची. ट्रक करून आली होती.

“आमच्यातल्या कुणीबी लिवली न्हाई!” त्यांच्यातला एक मिशाळ गृहस्थ ओरडला. “असलं इचारायची आमच्या गावाची रीत न्हाई. गावाचं नाव खराब करायलंय कोन?”

“नाव सांगा! कोन हाय?” मागूनही गलका झाला. कुणी म्हणालं, चिठ्ठी कुठल्या ओळीतून आली ते बघा. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सुधानं माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग खिशातून डोकावणाऱ्या पेनाकडे.

“तुम्ही?” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात यशानं सूत्रसंचालकाच्या हातून चिठ्ठी घेतली. पाहिली. एका खोलीत चार वर्षं काढलेला माणूस, त्याच्या गाण्यांच्या वह्या मीच उतरवून द्यायचो. तो हसला आणि माइकपाशी आला.

“वालूरची मंडळी, बसा. तुमचा दोष नाही. हे अक्षर मी ओळखतो. हा रसिक काही उभा राहायचा नाही. तो कुठेच कधी वेळेवर आलेला नाही.”

लोक हसले.

“विचारलंय तर सांगतो. औरंगाबादला आम्ही दोघं दोस्त एका माडीवर राहत होतो. खोली त्याच्या नावानं घेतलेली. मालकाला माझं आडनाव दुसरंच सांगितलेलं.” एवढं बोलून तो जरा थांबला. हसणं आपोआप बंद झालं. का थांबला, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. “हा दोस्त एका पोरीच्या प्रेमात पडला. रोज संध्याकाळी तिच्याकडे पत्ते खेळायला. मालक नऊला निजायचे. निघताना हा जिन्यातून मला ओरडून सांगायचा, यशा, कडी नको लावू, उशीर होईल, पण मी येईन. आणि यायचा चप्पल हातात घेऊन, वाजणारी तिसरी पायरी चुकवत. आला की दोन मिनिटांत घोरायचा. मी तोवर दाराकडे बघत बसलेला. कडी नाही, मालक कधी वर येईल, कोण आहेस म्हणून विचारील, सांगता येत नाही. आणि खरं सांगू? मी जळायचो. याला जायला एक घर आहे, आणि परत येतो म्हणून सांगायला एक माणूस आहे. मला दोन्ही नव्हतं. ह्या गाण्यातले शब्द माझे नाहीत. त्याचे आहेत. मी नुसती चाल लावली. बाईचं नाव विचाराल, तर ती समोर बसलीय आणि आत्ता तिच्या नवऱ्याला चिमटा काढतेय.”

चिमटा खरोखरच काढला होता. अजून निळा डाग आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे शाळेत आपण वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकतो. मी बावीस वर्षं वळसा घातला होता. मावशीचा जिना मला पायरी न् पायरी पाठ होता. आमच्या खोलीचा जिना मात्र मी साफ विसरलो होतो.

“ये वर,” यशा म्हणाला. “गिटार घेऊन ये. आज तरी लवकर.”

मी ट्रॉलीवर चढलो. गिटारीच्या तारांत कापूस अडकला होता, तो फुंकून काढला. यशानं डोळे मिटले आणि सोळा वर्षांनी ते गाणं सुरू केलं. ‘कडी नको लावू’ म्हणताना पहिल्यांदा त्याचा आवाज चिरला. पुढच्या रांगेत बसलेल्या आक्कांनी तिथूनच मोठ्यानं म्हटलं, “म्हण बाबा, म्हण.” मग त्यानं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात माझी बोटं चुकली, ते कुणाला कळलं नाही, कारण वालूरकरांसकट सगळं आवार गात होतं.

परतताना मी सुधाला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्हीच नाही का मला ऐटीत सांगायचात, यशाला सांगून आलोय, कडी लावणार नाही म्हणून? मला वाटलं, तुम्हाला कळलंय.”

“मग मी आलो की गुणगुणणं बंद का व्हायचं?”

“तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचात. मला वाटायचं, दोस्ताचं नाव झालं ते तुम्हाला सोसत नाही.” तिनं माझ्या केसांतला कापूस काढला. “तेही खरंच होतं, नाही का?”



मानवत रोड स्टेशन

दुसऱ्या दिवशी सकाळी यशा पोचवायला आला. वहिनींनी दिलेला येसराचा डबा सुधा पिशवीत नीट बसवत होती. आम्ही दोघं फलाटाच्या टोकाला उभे राहिलो. पंचवीस वर्षांत जे विचारायचं मला सुचलं नव्हतं, ते विचारलं.

“यशा, कडी काढून बसायला तुला भीती नाही वाटायची?”

“वाटायची की. लय.”

“मग लावायची होतीस. मी दार वाजवलं असतं.”

“दार वाजलं असतं तर मालक उठला असता.” त्यानं खांदे उडवले. “आणि तू येणार होतास ना.”

गाडी आली, आम्ही चढलो. 

पुढच्या आठवड्यात यशाचा पुण्यात कार्यक्रम आहे. तो आमच्याकडेच उतरणार. लोक सोडत नाहीत, यायला बारा-एक होतील, असं त्यानं कळवलंय. सुधा म्हणाली, त्याला एक किल्ली देऊन ठेवू, म्हणजे तुमची झोपमोड नको.

मी म्हटलं, किल्ली नको. मी जागा असेन.